अपंग एकल पालक बेघर होतात तेव्हा : घराच्या मदतीची दोन खाती कशी झाली

भाडे थकलेले, घर खाली करण्याची नोटीस हातात, चालायला कुबडी किंवा चाकांची खुर्ची आणि पदरी शाळेत जाणारी मुले. असे एकटे आई किंवा वडील घरासाठी मदत मागायला जातात, तेव्हा त्यांना बहुधा दोन ठिकाणी फिरवले जाते. अपंगांची सोय एका खात्याकडे, मुलाबाळांच्या कुटुंबांची दुसऱ्याकडे. पहिल्या खात्याच्या निवासात मुलांना ठेवता येत नाही आणि दुसऱ्याच्या निवाऱ्यात जिना चढावा लागतो. ही विभागणी फार जुनी आहे. इंग्लंड आणि अमेरिकेच्या कायद्यांत तिचा माग सर्वांत स्पष्ट लागतो, म्हणून इथे भर त्या दोन देशांवर आहे.

इंग्लंडच्या 1601 च्या गरीब कायद्याने पांगळे, आंधळे, वृद्ध आणि काम करू न शकणारे यांच्या पोटापाण्याची जबाबदारी पॅरिशवर, म्हणजे स्थानिक चर्चच्या हद्दीवर टाकली. धडधाकट गरिबाला मात्र काम दिले जाई. 1662 च्या कायद्याने आणखी एक अट आली : मदत हवी तर माणूस त्या पॅरिशचाच रहिवासी हवा. परगावची अविवाहित गरोदर बाई दिसली की तिला बाळंतपणाआधीच हद्दीबाहेर काढण्याची घाई होई, कारण मूल जिथे जन्मेल तिथे त्याचा खर्च पडणार. घर नसलेल्या आईची गणना 'खर्च' म्हणून होण्याची सुरुवात इथे दिसते.

1834 मध्ये कायदा बदलला आणि मदतीची वाट वर्कहाउसमधून, म्हणजे निराधारांना ठेवून घेऊन काम करवणाऱ्या सरकारी निवासातून जाऊ लागली. तिथे माणसांचे सात वर्ग पाडले होते : अशक्त पुरुष, धडधाकट पुरुष, मुलगे, अशक्त स्त्रिया, धडधाकट स्त्रिया, मुली आणि सात वर्षांखालची लेकरे. प्रत्येक वर्गाची खोली वेगळी, अंगणही वेगळे. अधू आई 'अशक्त स्त्रियां'त गेली की तिचा आठ वर्षांचा मुलगा भिंतीपलीकडे मुलग्यांत जाई. डोक्यावर छप्पर मिळे, पण कुटुंब एकत्र राहत नसे. वर्कहाउसची दहशत पुढे कैक पिढ्या टिकली, त्यामागचे मोठे कारण ही ताटातूट होती असे मला वाटते.

अमेरिकेत 1911 मध्ये इलिनॉय राज्याने मातांना मुले घरीच वाढवता यावीत म्हणून निधी देणारा कायदा केला. हा पैसा मुख्यतः विधवांना मिळे आणि बाई 'लायक' आहे की नाही हे अधिकारी ठरवत. 1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने परावलंबी मुलांसाठी देशव्यापी मदत सुरू केली. मृत्यू, दीर्घ अनुपस्थिती किंवा शारीरिक-मानसिक असमर्थता यांमुळे पालकाचा आधार गेला असेल, तर मूल मदतीला पात्र. इथे असमर्थ पालक म्हणजे कमावता न राहिलेला माणूस. तोच एकटा मुलांना जेऊखाऊ घालत असेल, ही शक्यता कायदा करणाऱ्यांच्या मनात आलेली दिसत नाही. सुरुवातीला तर पैसे फक्त मुलांचे धरले जात. सांभाळणाऱ्या पालकाचा वाटा 1950 मध्ये आला आणि त्याच वर्षी कायमच्या, पूर्ण अपंगत्वासाठी निराळी मदत सुरू झाली. वर्ष तेच, पण प्रकरणे दोन, अर्ज दोन.

ब्रिटनने 1948 मध्ये राष्ट्रीय साहाय्य कायदा करून जुना गरीब कायदा मोडीत काढला. पण नव्या कायद्याच्या 21 व्या कलमात जुनीच फाळणी उतरली. पहिल्या खंडात वय किंवा दुर्बलतेमुळे देखभाल लागणाऱ्यांचे निवास आणि दुसऱ्यात अचानक बेघर झालेल्यांचे तात्पुरते निवारे. कुटुंबांसाठीचे हे निवारे अनेकदा जुन्या वर्कहाउसच्याच इमारतींत होते. केंट परगण्यातल्या किंग हिल निवाऱ्यात नवऱ्यांना राहू देत नसत. मुदत संपली की कुटुंब बाहेर आणि मुले सरकारी ताब्यात जाण्याची टांगती तलवार. 1965-66 मध्ये तिथल्या कुटुंबांनी नियम झुगारून लढा दिला. नोव्हेंबर 1966 मध्ये बीबीसीने बेघर कुटुंबावरचे एक नाटक दाखवले आणि देश हादरला. पुढच्याच महिन्यात बेघरांसाठी काम करणारी 'शेल्टर' ही संस्था सुरू झाली.

अपंगांच्या हक्कांची चळवळ याच सुमारास वेगळ्या वाटेने चालली होती. खासदार आल्फ मॉरिस यांच्या 1970 च्या कायद्याने घरे बांधणाऱ्या स्थानिक संस्थांना अपंगांच्या गरजा लक्षात घ्यायला लावले. मग 1977 मध्ये स्टीफन रॉस या लिबरल खासदाराने मांडलेला बेघरांसाठीचा कायदा मंजूर झाला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोठा टप्पा हाच. बेघर कुटुंबाची जबाबदारी समाजकल्याण खात्याकडून निघून गृहनिर्माण खात्यावर आली. प्राधान्याच्या यादीत अवलंबून असलेली मुले आणि शारीरिक अपंगत्व या दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी आल्या. विरोधकांच्या आग्रहामुळे 'जाणूनबुजून बेघर' ही अटही घुसली. भाडे का थकले याचा हिशेब मागणारी ही अट इंग्लंडमध्ये आजही अर्जदारांना छळते.

अमेरिकेत हेच दोन धागे 1988 मध्ये जुळले. 1968 च्या न्याय्य गृहनिर्माण कायद्यात वंश, धर्म, राष्ट्रीय मूळ यांवरून घर नाकारायला बंदी होती, 1974 मध्ये लिंगभेदाची भर पडली. 1988 च्या दुरुस्तीने एकाच फटक्यात अपंगत्व आणि मुले असलेले कुटुंब अशी दोन्ही कारणे जोडली. तोपर्यंत 'मुले चालणार नाहीत' असे सांगून घर नाकारणे बहुतेक ठिकाणी कायदेशीर होते. दुरुस्ती बांधकामापर्यंत पोचली. 13 मार्च 1991 नंतर पहिल्यांदा वापरात आलेल्या, चार किंवा अधिक घरांच्या इमारतींत दारे चाकांची खुर्ची जाईल इतकी रुंद हवीत, विजेची बटणे बसल्या जागी हाताशी यावीत आणि न्हाणीघराच्या भिंती आधाराचा दांडा पुढे केव्हाही बसवता येईल इतक्या भक्कम हव्यात. लिफ्ट नसेल तर ही सक्ती तळमजल्याच्या घरांपुरतीच. जुन्या खासगी इमारतीत असा दांडा लावायचा, तर परवानगी मालकाला द्यावी लागते, पण खर्च साधारणपणे भाडेकरूचा. जिच्याकडे भाड्याचे पैसे नाहीत तिने तो कुठून आणायचा? शिवाय भेदभावाला बंदी झाली म्हणून घर मिळतेच असे नाही. 1974 पासून चालू असलेली भाडेसाहाय्याची व्हाउचर्स पात्र असणाऱ्या सगळ्यांना मिळत नाहीत. निधी संपला की उरते प्रतीक्षायादी.

अनेक अपंग पालक मदत मागायलाच का बिचकतात, हे समजण्यासाठी आणखी एक जुने प्रकरण पाहावे लागते. 1927 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'बक विरुद्ध बेल' खटल्यात 'मंदबुद्धी' ठरवलेल्या कॅरी बक या तरुणीची सक्तीची नसबंदी वैध ठरवली. तिची मुलगी आधीच तिच्यापासून दूर केली होती. अपंग माणसाने मूल वाढवूच नये, ही समजूत तिथे न्यायालयाच्या शिक्क्याने पक्की झाली. पुढे अनेक राज्यांच्या बालसंरक्षण कायद्यांत पालकाचे अपंगत्व हे मूल काढून घेण्याचे एक कारण म्हणून लिहिले गेले. अशा वेळी 'आम्ही रस्त्यावर येऊ' असे अधिकाऱ्याला सांगणे म्हणजे मूल गमावण्याचा धोका पत्करणे. त्यामुळे माणसे नातेवाइकांच्या सोफ्यावर किंवा गाडीत रात्री काढतात, आणि बेघरांच्या मोजणीत येतच नाहीत.

संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांचा करार 13 डिसेंबर 2006 रोजी स्वीकारला गेला. त्याच्या 28 व्या कलमात सार्वजनिक गृहयोजनांचा हक्क आहे. 23 वे कलम निःसंदिग्ध शब्दांत सांगते की मुलाच्या किंवा पालकांच्या अपंगत्वाच्या कारणावरून मूल कधीही वेगळे करता येणार नाही. इंग्लंडमध्ये मुलांच्या कुटुंबांना 'बेड अँड ब्रेकफास्ट'मध्ये, म्हणजे नाश्त्यासह खोली देणाऱ्या लॉजमध्ये, सहा आठवड्यांपेक्षा जास्त ठेवायला 2004 पासून बंदी आली. 2017 च्या कायद्याने घर जाण्याच्या 56 दिवस आधीपासून मदतीचे बंधन घातले. तिथे मूल असल्याने प्राधान्य मिळते, तेवढ्यावर अपंगत्वाची चौकशी मागे पडू शकते. म्हणून मिळालेले घर 'योग्य' आहे का, यावर वाद होतात. लिफ्टविना तिसरा मजला कुणासाठी योग्य?

भारताने हा करार 2007 मध्ये मान्य केला आणि 2016 मध्ये अपंग व्यक्ती हक्क कायदा केला. त्याच्या 37 व्या कलमात गृहयोजनांत 5 टक्के आरक्षण आणि लक्षणीय अपंगत्व असलेल्या स्त्रियांना प्राधान्य आहे. अशी स्त्री मुलांना एकटीने वाढवत असेल तर काय, याबद्दल कलमात काही नाही. कुटुंबाविषयीचे 9 वे कलम अपंग मुलाला आईवडिलांपासून तोडू नये असे म्हणते. करारातला पालकांच्या अपंगत्वाचा भाग मात्र त्यात आलेला नाही, आणि तो यायला हवा.