दागेर, ल्वी झाक मांदे

(18 नोव्हेंबर 1787 – 10 जुलै 1851). फ्रेंच चित्रकार, नेपथ्यकार व दागेरोटाइप या छायाचित्रण पद्धतीचे जनक. जन्म पॅरिसजवळील कॉर्मेय-आं-पारीझी येथे. काही काळ वास्तुशिल्पज्ञाकडे उमेदवारी करून ते पॅरिसमध्ये देगोती या नेपथ्यकाराच्या हाताखाली रंगभूमीचे पडदे रंगवू लागले. 1822 मध्ये शार्ल मारी बूताँ या चित्रकाराबरोबर त्यांनी ‘डायोरामा’ हा देखाव्यांचा खेळ सुरू केला. त्यातील प्रचंड अर्धपारदर्शक पडदे दोन्ही अंगांनी रंगवलेले असत. झडपा हलवून उजेड कधी पुढून, कधी मागून सोडला की त्याच देखाव्यात दिवस मावळे. देखावा संपला की प्रेक्षकांसकट बैठकच फिरवली जाई.

देखाव्यांसाठी ते कॅमेरा ऑब्स्क्युरा (छिद्रातून वा भिंगातून येणाऱ्या प्रकाशाने समोरच्या दृश्याची प्रतिमा आत पाडणारी अंधारी पेटी) वापरीत. त्यातली प्रतिमा कायम टिकवण्याच्या खटपटीतून 1829 मध्ये त्यांनी झोझेफ नीसेफोर नीएप्स यांच्याशी भागीदारी केली. श्रेयाचा वाद येथून सुरू होतो. नीएप्स यांनी 1826–27 च्या सुमारास डांबराचा लेप दिलेल्या पत्र्यावर टिकाऊ प्रतिमा मिळवली होती. त्यामुळे अग्रमान त्यांनाच देणे रास्त. मात्र प्रकाशाने उमटलेली अदृश्य प्रतिमा पाऱ्याच्या वाफेने प्रकट करण्याची युक्ती दागेर यांचीच, आणि तीही नीएप्स यांच्या मृत्यूनंतरची (सुमारे 1835). फुटलेल्या तापमापकामुळे ती सुचली, ही कथा दंतकथाच समजावी.

या पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आरशासारखा घासून त्याला आयोडिनाची वाफ देत. कॅमेऱ्यातून काढलेल्या पत्र्यावर काहीच दिसत नसे. खालून पारा तापवला की प्रतिमा वर येई. ती पक्की करण्यास आधी मिठाचे पाणी व पुढे ‘हायपो’ (सोडियम थायोसल्फेट हा क्षार) वापरण्यात आला. प्रत एकच निघे आणि बोट लागले तरी बिघडे. 1838 च्या सुमारास घेतलेल्या ‘बुलव्हार द्यू ताँप्ल’ या चित्रात वर्दळीचा रस्ता ओस दिसतो, कारण चालती माणसे व घोडागाड्या उमटल्याच नाहीत. बूट पुसून घेत थांबलेला एक जण तेवढा उमटला.

फ्रेंच शास्त्रज्ञ आरागो यांनी 7 जानेवारी 1839 रोजी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत या शोधाची वार्ता दिली. मार्चमध्ये डायोरामा जळाला. सरकारने दागेर यांना 6,000 व नीएप्सपुत्र इझिदोर यांना 4,000 फ्रँक वार्षिक निवृत्तिवेतन देऊन पद्धत 19 ऑगस्टला जाहीर केली. इंग्लंडमध्ये मात्र पाचच दिवस आधी तिचे एकस्व (पेटंट) घेतले गेले होते.

दागेर ब्री-स्यूर-मार्न येथे निवर्तले. तेथील चर्चमध्ये वेदीमागे त्यांनी 1842 मध्ये रंगवलेला डायोरामा अजून आहे.