सलोख्यासाठीचा पैसा नेमका कुठे जावा?

दोन समाजगटांत किंवा दोन पक्षांच्या समर्थकांत तेढ वाढली की धर्मादाय संस्थांकडे प्रस्तावांची रीघ लागते. त्यातले बरेचसे एकाच साच्यातले असतात. दोन्हीकडची माणसं, दोन दिवसांचं निवासी शिबिर, मोकळा संवाद आणि शेवटी एकत्र फोटो. सहभागींना कार्यक्रम आवडला, असं अहवालात लिहिलेलं असतं आणि ते खोटं नसतं. पण सहा महिन्यांनी त्यातलं काय उरतं?

गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच सांगून ठेवलं होतं, की नुसतं भेटून भागत नाही. दोन्ही गटांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज पडायला हवी आणि वरिष्ठांचा किंवा कायद्याचा पाठिंबा हवा. २००६ मध्ये मानसशास्त्रज्ञ थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा संपर्काने पूर्वग्रह कमी होतात असंच चित्र दिसलं. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ पॅलक आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये चाळणी बारीक केली. कुणाला संपर्काचा अनुभव द्यायचा आणि कुणाला नाही, हे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं, ठरलेलं हवं आणि परिणाम किमान एक दिवसानंतर मोजलेला हवा, एवढ्याच अटी. त्यातून उरले अवघे २७ अभ्यास! पंचविशी ओलांडलेल्यांचे वांशिक पूर्वग्रह तपासणारा त्यात एकही नव्हता. म्हणजे समाजात ज्यांचा शब्द चालतो, त्यांच्याबद्दलचा पुरावाच सगळ्यात तोकडा.

त्यानंतर आलेले दोन प्रयोग मात्र देणगीदारांनी बारकाईने वाचावेत असे आहेत. अर्थशास्त्रज्ञ मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात १,२६१ तरुण निवडून त्यातल्या काहींसाठी क्रिकेटच्या महिनाभराच्या स्पर्धा भरवल्या. कुणाच्या संघात इतर जातींचे खेळाडू आले, कुणाच्या वाट्याला ते प्रतिस्पर्धी म्हणून आले. एकाच संघात खेळलेल्यांची जातीबाहेर मैत्री वाढली आणि मैदानाबाहेर वस्तूंची अदलाबदल करतानाही त्यांचे व्यवहार जास्त सुरळीत झाले. समोरासमोर खेळलेल्यांमध्ये एकूण कल उलटा होता. मैदान तेच, खेळ तोच. फक्त कोण कुणाच्या बाजूने खेळतं एवढंच बदललं.

दुसरा प्रयोग राज्यशास्त्रज्ञ सल्मा मूसा यांचा, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला. इराकमध्ये ‘इस्लामिक स्टेट’च्या अत्याचारांमुळे घरदार सोडावं लागलेल्या ख्रिश्चनांच्या काही फुटबॉल संघांत मुस्लिम खेळाडू घातले. या संघांतले ख्रिश्चन खेळाडू सहा महिन्यांनीही मुस्लिमांबरोबर सराव करत होते. पण मुस्लिमबहुल मोसुल शहरात जाऊन जेवायची तयारी मात्र वाढली नाही. ओळखीच्या माणसांवर विश्वास बसला. अनोळखी समाजाबद्दलची भीती तशीच राहिली. मला तरी यात अपयश दिसत नाही. एवढं भोगलेल्या माणसांकडून एका हंगामात याहून जास्त मागणं हाच आगाऊपणा आहे.

सहकार्य रोजचं व्हायचं तर शाळा, कामाची जागा, मोहल्ला अशी ठिकाणं लागतात आणि ती उभी राहायला वर्षं जातात. अनुदानं मात्र बहुधा दोन-तीन वर्षांची. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुलं वेगवेगळ्या शाळांत जात. १९८१ मध्ये काही पालकांनी बेलफास्टच्या वेशीवर एका स्काउट हॉलमध्ये दोघांसाठी ‘लेगन कॉलेज’ ही शाळा काढली. विद्यार्थी होते २८. सरकारी मान्यता आणि पैसा मिळेपर्यंतची पहिली वर्षं शाळा देणग्या आणि कर्जावर तगली. सरकार मतपेटीकडे बघत चाचपडत असतं तेव्हा हा धोका देणगीदारच पत्करू शकतो, कारण त्याला निवडून यायचं नसतं.

त्याच बेलफास्टमध्ये नव्वदच्या दशकाच्या शेवटी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्या वेगळ्या ठेवणाऱ्या भिंतींच्या दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांना मोबाइल फोन देण्यात आले. अफवा उठली, दगड पडला, की पलीकडच्या ओळखीच्या माणसाला थेट फोन. देणगीदारांच्या दृष्टीने मात्र अशा कामात मिरवण्यासारखं काही नसतं. ‘नॉर्दर्न आयर्लंड व्हॉलंटरी ट्रस्ट’ या तिथल्या धर्मादाय संस्थेने तर युरोपीय संघाचा शांतता निधी दोन्हीकडच्या माजी राजकीय कैद्यांच्या गटांपर्यंत पोहोचवला. यावरून वाद होणारच होते. तरीही ज्यांचं ऐकून तरुण हातातला दगड खाली टाकतील अशी माणसं बहुतेक वेळा तीच असतात, सुसंस्कृत परिसंवादांचे नेहमीचे वक्ते नव्हेत.

आता मोजमाप. अमेरिकेत ३२,०५९ जणांवर २५ वेगवेगळे उपाय एकाच वेळी तपासणारा मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. विरोधी पक्षाच्या समर्थकांबद्दलचा राग बऱ्याच उपायांनी कमी झाला. सहानुभूती वाटावी अशी विरोधी मताची माणसं दाखवली किंवा दोघांची सामाईक ओळख पुढे आणली की फरक सर्वांत जास्त. लोकशाहीविरोधी कृतींना असलेला पाठिंबा मात्र त्याने आपोआप घटत नाही. तिथे वेगळेच उपाय चालले: ‘समोरच्यांना लोकशाही नकोच आहे’ हा गैरसमज दुरुस्त करणं किंवा लोकशाही कोसळली तर काय होईल हे दाखवणं. माणसं एकमेकांशी गोड बोलू लागतील आणि तरीही आपल्या पक्षाने निवडणुकीत केलेली लबाडी खपवून घेतील, असं होऊ शकतं. म्हणून यातलं नेमकं काय हवंय, हे अनुदानाच्या करारात आधीच लिहून घ्यावं लागतं. सहा महिन्यांनी त्रयस्थाकडून करायच्या पाहणीचा खर्चही त्याच अंदाजपत्रकात धरावा लागतो. सध्या काटछाट सुरू झाली की पहिला बळी त्याचाच जातो.