कबुली दिली, मग फिरवली: हेगच्या एका खटल्याची पार्श्वभूमी

युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी हेगमध्ये बसलेल्या न्यायाधिकरणाने १६१ जणांवर आरोप ठेवले. त्या यादीत बाई एकच: बिलियाना प्लाव्शिच. सारायेव्हो विद्यापीठात जीवशास्त्र शिकवणारी, पुढे बोस्नियातील सर्बांच्या नेतृत्वात आलेली आणि युद्धानंतर त्यांच्या प्रजासत्ताकाची राष्ट्राध्यक्ष झालेली. बोस्नियाचे मुसलमान म्हणजे आनुवंशिक बिघाड झालेले सर्ब, असे तिने युद्धकाळात मांडले होते. जीवशास्त्राची प्राध्यापिका असे बोलते, तेव्हा लोकांना ते शास्त्रच वाटते.

जानेवारी २००१ मध्ये ती स्वतःहून शरण आली. ऑक्टोबर २००२ मध्ये तिने मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचा, छळाचा एकच आरोप कबूल केला आणि वंशसंहारासह बाकीचे आरोप मागे घेतले गेले. सगळा वाद या सौद्याचा आहे. डिसेंबरच्या सुनावणीत तिने निवेदन वाचले: दुसरे महायुद्ध आठवणाऱ्या आमच्या पिढीला भीतीने आंधळे केले, पुन्हा बळी व्हायचे नाही या ध्यासात आम्हीच छळणारे झालो. कबुली, शरणागती, वय, युद्धानंतरची वागणूक हे सारे जमेस धरून तिला ११ वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या पारड्यात होत्या ३७ नगरपालिका हद्दींतून झालेल्या सर्बेतरांच्या हकालपट्ट्या आणि साडेआठशेहून अधिक उद्ध्वस्त गावे. त्याहून मोठे नुकसान मला वाटते ते हे, की पूर्ण खटला चाललाच नाही. मोजके साक्षीदार आले. बाकीच्यांचे म्हणणे तिच्यासमोर कधी मांडलेच गेले नाही. सहकाऱ्यांविरुद्ध साक्ष द्यायलाही ती तयार नव्हती.

२००९ च्या सुरुवातीला स्वीडनच्या तुरुंगातून तिने एका नियतकालिकाला सांगितले, की आपण काहीच वावगे केले नव्हते. बाकीचे आरोप गळावेत आणि या वयात लांबलचक खटला नको, म्हणून कबुली दिली. मग आधीचा पश्चात्ताप निव्वळ नाटक होते का? मला तसे वाटत नाही. त्या निवेदनातच ती म्हणाली होती, की अत्याचारांच्या गोष्टी कानावर येत होत्या, पण आपण त्यांची शहानिशा केली नाही. सर्बांच्या दुःखात स्वतःला बुडवून घेतले. न बघण्याची ही सवय २००२ मध्ये तिने जेमतेम उघड केली आणि तुरुंगात पुन्हा तिच्याच आडोशाला गेली.

सप्टेंबर २००९ मध्ये मुदतपूर्व सुटका मंजूर झाली. सुधारणेची लक्षणे म्हणून तुरुंगातल्या फेरफटक्यांतला सहभाग, स्वयंपाक आणि बेकिंग यांची नोंद त्या निर्णयात आहे. ऑक्टोबरअखेर तिच्या प्रजासत्ताकाच्या सरकारी विमानाने ती बेलग्रेडला उतरली, तेव्हा स्वागताला त्याच प्रजासत्ताकाचे पंतप्रधान हजर होते.