ब्रिटनमधील वैयक्तिक प्राप्तिकर

ब्रिटनमध्ये (युनायटेड किंग्डम) राहणाऱ्या व्यक्तीचा पगार, धंद्यातील नफा, घरभाडे, निवृत्तिवेतन, व्याज व लाभांश यांवर आकारला जाणारा कर. त्याची आकारणी आणि वसुली ‘हिज मॅजेस्टीज रेव्हेन्यू अँड कस्टम्स’ हे सरकारी खाते करते. बोलण्यात ते एचएमआरसी. बहुतेक नोकरदारांचा कर पगारातून परस्पर कापला जातो आणि त्यांना विवरणपत्र भरावे लागत नाही. या सोयीमुळे एक समज घट्ट बसला आहे, की कापला गेला तो बरोबरच कापला असणार. प्रत्यक्षात नोकरी देणारी कंपनी तिच्याकडे असलेला टॅक्स कोड, म्हणजे किती सूट द्यायची हे सांगणारे चिन्ह, लावते, एवढेच. कोड चुकला की कर चुकतो, आणि तो तपासण्याची जबाबदारी करदात्याचीच असते. पुढील आकडे ६ एप्रिल २०२५ ते ५ एप्रिल २०२६ या करवर्षाचे आहेत.

फ्रान्सशी चाललेल्या युद्धाच्या खर्चासाठी पंतप्रधान धाकटा विल्यम पिट याने १७९९ मध्ये हा कर बसवला. १८१६ मध्ये तो रद्द झाला आणि १८४२ मध्ये रॉबर्ट पील याने पुन्हा आणला. कायद्याच्या दृष्टीने तो आजही तात्पुरता कर आहे. दर वर्षी संसदेला वित्त कायद्याने त्याचे नूतनीकरण करावे लागते. करवर्ष ६ एप्रिलला सुरू होण्याचे मूळ पंचांगात आहे. इंग्लंडमध्ये पूर्वी वर्षारंभ २५ मार्चला होई. १७५२ मध्ये ग्रेगरियन पंचांग स्वीकारताना ११ दिवस गाळले गेले आणि हिशेबाचे वर्ष पुढे सरकले. पगारातून दरमहा कर कापण्याची ‘पे ॲज यू अर्न’ पद्धत १९४४ पासूनची आहे. भारतातील टीडीएसशी तिचे साम्य आहे, पण ती त्याहून बारकाईने चालते.

दर आणि टप्पे

प्रत्येकाला वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नसतो. याला पर्सनल अलाउन्स म्हणतात. हा आकडा एप्रिल २०२१ पासून गोठलेला आहे. पगार वाढत गेले, सूट तिथेच राहिली, त्यामुळे दर न वाढवताही कराचा बोजा वाढला आहे. त्यापुढे ५०,२७० पौंडांपर्यंत २० टक्के, १,२५,१४० पर्यंत ४० टक्के आणि त्यावर ४५ टक्के असे टप्पे आहेत. वरचा दर फक्त त्या टप्प्यात पडणाऱ्या रकमेला लागतो. ५०,२७० वरून पगार ५१,२७० झाला तर ४० टक्के कर वाढलेल्या १,००० पौंडांवरच बसतो. ‘पगारवाढीने हातात कमी आले’ ही भीती या टप्प्यावर निराधार आहे.

१ लाख पौंडांच्या पुढे मात्र गोष्ट वेगळी. तिथे दर २ पौंड जादा उत्पन्नामागे करमुक्त सूट १ पौंडाने घटते आणि १,२५,१४० ला ती संपते. पगार १,००,००० वरून १,१०,००० झाला तर वाढीवर ४,००० पौंड कर लागतोच, शिवाय ५,००० पौंडांची सूट गेल्याने आणखी २,००० पौंड जातात. म्हणजे प्रत्यक्ष दर ६० टक्के. इंग्लंडमध्ये लहान मुलांच्या पाळणाघरासाठी मिळणारे आठवड्याचे ३० मोफत तासही आई किंवा वडील यांपैकी एकाचे समायोजित उत्पन्न (पेन्शनची रक्कम वगैरे वजा करून उरलेले) १ लाखावर गेले की बंद होतात. म्हणून या पट्ट्यातले पुष्कळ जण वाढीव रक्कम पेन्शन खात्यात वळवतात. असे समायोजित उत्पन्न १ लाखाच्या आत आले की सूट पूर्ण परत मिळते.

स्कॉटलंडमध्ये पगारावरचे दर वेगळे आहेत: १९, २०, २१, ४२, ४५ आणि ४८ टक्के. त्यांतला ४२ टक्क्यांचा टप्पा ४३,६६२ पौंडांच्या पुढेच सुरू होतो. हे दर राहत्या घरावरून ठरतात, कचेरी कुठे आहे यावरून नव्हे. बँकेचे व्याज आणि लाभांश यांना स्कॉटलंडमध्येही उर्वरित ब्रिटनचेच दर लागतात.

कराखेरीज नॅशनल इन्शुरन्सची (सरकारी सामाजिक विम्याची) वर्गणी कापली जाते: १२,५७० ते ५०,२७० पर्यंतच्या पगारावर ८ टक्के, पुढे २ टक्के. ३५,००० पौंड पगार असलेल्याचा करपात्र भाग २२,४३० पौंड. त्यावर कर ४,४८६ आणि वर्गणी १,७९४. हातात २८,७२० च्या आसपास, महिन्याला सुमारे २,३९३ पौंड. कराचा हिशेब वर्षभराचा असतो, वर्गणीचा मात्र प्रत्येक पगाराचा स्वतंत्र. त्यामुळे एखाद्या महिन्यात मोठा बोनस आला आणि पुढे उत्पन्न घटले तर कर परत मिळू शकतो, वर्गणी सहसा नाही. सरकारी पेन्शन मिळण्यासाठी या वर्गणीची किमान १० वर्षे लागतात, पूर्ण पेन्शनसाठी साधारण ३५.

टॅक्स कोड

पगाराच्या पावतीवर नावाजवळ छापलेले हे आकडे-अक्षरांचे छोटे चिन्ह सर्वांत आधी वाचावे. १२५७एल म्हणजे १२,५७० ची पूर्ण सूट. शेवटचा आकडा गाळून पुढे एल लावतात. कंपनीची गाडी, आरोग्यविमा किंवा मागची थकबाकी असेल तर हा आकडा कमी होतो. बीआर म्हणजे सूट अजिबात नाही, सगळ्यावर २० टक्के; दुसऱ्या नोकरीला तो योग्य असतो, एकुलत्या एक नोकरीला तो लागला असेल तर महिन्याला दोनशेहून अधिक पौंड नाहक जातात. डी० म्हणजे सरसकट ४० टक्के. केने सुरू होणारा कोड सांगतो, की वजावटी करमुक्त रकमेपेक्षा जास्त झाल्या आहेत. सुरुवातीचा एस स्कॉटलंडचा, सी वेल्सचा.

कोडच्या शेवटी एम१ किंवा डब्ल्यू१ असेल तर तो तात्पुरता, आणीबाणीचा कोड होय. त्यात प्रत्येक महिना सुटा मोजला जातो, मागच्या महिन्यांची न वापरलेली सूट जमेस धरली जात नाही. समजा, कोणी ऑक्टोबरमध्ये दरमहा ३,००० पौंडांवर रुजू झाले आणि त्या वर्षी त्याआधी काही कमाई नाही. नेहमीच्या कोडवर पहिल्या पगारालाच सात महिन्यांची, म्हणजे सुमारे ७,३३० पौंडांची सूट लागू होते. पहिले तीन पगार करमुक्त येतात आणि मार्चअखेर एकूण कर १,०८६ पौंड होतो. एम१ लागला तर दरमहा सुमारे ३९० पौंड कापले जाऊन सहा महिन्यांत हीच रक्कम २,३४० वर जाते. हे बहुधा रुजू होताना ‘स्टार्टर चेकलिस्ट’ हा नव्या नोकरदाराचा फॉर्म घाईत भरल्याने घडते. त्यात आपल्या नोकरीच्या स्थितीबद्दल अ, ब, क अशी तीन विधाने असतात, त्यांतले एक निवडायचे: ‘अ’ला १२५७एल, ‘ब’ला तोच पण आणीबाणीचा, ‘क’ला बीआर. काहीच निवडले नाही तर सूट मिळतच नाही. जुनी नोकरी सोडताना मिळालेला पी४५ (तोवरचा पगार व कर यांचा दाखला) नव्या कंपनीला वेळेत दिला तर ही अडचण सहसा येत नाही.

चूक दिसली तर कंपनीशी वाद घालून उपयोग नाही. कोड एचएमआरसीकडून बदलून घ्यावा लागतो, तोही ऑनलाइन वैयक्तिक कर खात्यातून किंवा फोनवर. वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत कंपनी पी६० देते. त्यातील एकूण पगार आणि एकूण कर स्वतः पडताळून पाहावा. जास्त गेलेला कर करवर्ष संपल्यापासून चार वर्षांच्या आत मागता येतो.

नवराबायकोपैकी एकाचे उत्पन्न १२,५७० च्या खाली आणि दुसरे २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर १,२६० पौंडांची सूट जोडीदाराकडे वळवता येते. वर्षाला २५२ पौंड वाचतात. अवलंबित व्हिसावर आलेला जोडीदार नोकरी करत नसेल, तर अर्ज केल्याशिवाय ही सवलत आपोआप लागत नाही, आणि बहुतेकांचे हेच राहून जाते.

व्याजावर २० टक्क्यांच्या करदात्याला १,००० पौंड, ४० टक्क्यांच्याला ५०० पौंड सूट आहे. लाभांशाला सर्वांना ५००. आयसा या करमुक्त बचत खात्यात वर्षाला २०,००० पौंडांपर्यंत ठेवलेल्या रकमेच्या वाढीवर कर नाही. भांडवली नफ्याला ३,००० पौंडांची सूट, पुढे १८ किंवा २४ टक्के.

स्वयंनिर्धारण

स्वतंत्र धंदा करणारे, घर भाड्याने देणारे आणि परदेशी उत्पन्न असलेले यांना सेल्फ असेसमेंटचे विवरणपत्र भरावे लागते. धंद्याची किंवा भाड्याची ढोबळ (खर्च वजा न करता) मिळकत वर्षाला १,००० पौंडांच्या आत असेल तर सहसा लागत नाही. करवर्ष संपल्यानंतर ५ ऑक्टोबरपर्यंत नोंदणी करायची. मग टपालाने १० आकडी करदाता क्रमांक येतो, त्याला वेळ लागतो. जानेवारीत नोंदणी करायला बसणारा बहुधा मुदत चुकवतो. कागदी विवरणपत्र ३१ ऑक्टोबरपर्यंत, ऑनलाइन ३१ जानेवारीपर्यंत. उशीर झाल्यास कर शून्य असला तरी १०० पौंड दंड. तीन महिने उलटले की रोज १० पौंड, ९० दिवसांपर्यंत. भरणा उशिरा झाला तर ३० दिवसांनी थकलेल्या कराच्या ५ टक्के आणि शिवाय व्याज.

पहिल्या वर्षी सर्वांत जास्त चटका बसतो तो आगाऊ हप्त्यांचा. देय कर १,००० पौंडांवर असेल आणि एकूण कराच्या ८० टक्क्यांहून कमी कर आधीच कापला गेला असेल, तर पुढच्या वर्षासाठी निम्मी रक्कम त्याच ३१ जानेवारीला आणि निम्मी ३१ जुलैला भरावी लागते. ४,००० पौंड कर आला तर जानेवारीत ६,००० द्यावे लागतात आणि जुलैत २,०००. पुढच्या वर्षी कमाई घटणार हे नक्की असेल तर हप्ते कमी करून घेता येतात, पण जास्त कमी केले तर फरकावर व्याज लागते. हिशेबाची कागदपत्रे धंदेवाल्यांनी त्या ३१ जानेवारीपासून पाच वर्षे जपायची असतात.

एप्रिल २०२६ पासून ५०,००० पौंडांवर धंद्याची व भाड्याची ढोबळ मिळकत असणाऱ्यांना मान्य सॉफ्टवेअरवर हिशेब ठेवून दर तिमाहीला आकडे कळवणे सक्तीचे आहे.

भारतातील उत्पन्न

ब्रिटनचा निवासी ठरलेली व्यक्ती जगभरच्या उत्पन्नावर तिथे कर देणे लागते. करवर्षात १८३ दिवस वास्तव्य झाले की निवासीपण नक्की. त्याहून कमी दिवसांतही घर, नोकरी, कुटुंब यांच्या धाग्यांवरून ते ठरू शकते. पुण्या-मुंबईहून गेलेल्यांची चूक इथे होते. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्याचे व्याज भारतात करमुक्त आहे म्हणून ते सांगायचे नाही, असे धरून चालतात. ब्रिटनमध्ये ते करपात्र आहे. भारतातल्या फ्लॅटचे भाडेही दाखवावे लागते. भारतातली ३० टक्क्यांची सरसकट वजावट ब्रिटिश हिशेबात चालत नाही. दुरुस्ती, सोसायटीचा देखभाल खर्च असे प्रत्यक्ष झालेले खर्चच वजा होतात, आणि कर्जाच्या व्याजावर २० टक्के दराने करसवलत मिळते. दुहेरी कर टाळण्याच्या कराराने भारतात भरलेल्या कराची जमा मिळते, पण जितका कर भारतात खरोखर देय होता तितकीच. भाडेकरूने जास्त टीडीएस कापला असेल तर तो परतावा भारतातच विवरणपत्र भरून घ्यावा लागतो.

एप्रिल २०२५ पासून, आधीची सलग दहा वर्षे ब्रिटनचे निवासी नसलेल्यांना पहिल्या चार वर्षांच्या परदेशी उत्पन्नावर करमाफी मागता येते. पण ती मागितली की १२,५७० ची सूट त्या वर्षी जाते. २० टक्क्यांच्या करदात्याला हा २,५१४ पौंडांचा, ४० टक्क्यांच्याला ५,०२८ पौंडांचा फटका असतो. भारतातले व्याज आणि भाडे मिळून वाचणारा कर त्याहून कमी असेल तर माफी न मागणेच हिताचे.

करवर्षाच्या मध्येच भारतात कायमचे परतणाऱ्यांनी पी४५ सोबत पी८५ हा फॉर्म एचएमआरसीला पाठवावा. सूट पूर्ण वर्षाची असते, पगार मात्र काही महिन्यांचाच झालेला असतो. त्यामुळे ऑगस्टमध्ये निघालेल्या नोकरदाराला बहुधा हजाराहून अधिक पौंड परत मिळतात. पैसे ब्रिटिश बँक खात्यात घेणे सोपे जाते, म्हणून ते खाते निघतानाच बंद करू नये.