बंब, दल आणि प्राधिकरण: गोव्यातल्या आपत्कालीन कायद्याची पार्श्वभूमी

आग लागली, रस्त्यावर माड आडवा झाला, गाय विहिरीत पडली, की गोव्यात आपण १०१ लावतो आणि बंब येतो. ‘बंब’ हा शब्द पोर्तुगीज ‘बोंबा’वरून, म्हणजे पाणी उपसायच्या यंत्रावरून आलेला. पोर्तुगीज काळाबद्दल इथे एवढंच पुरे. अग्निशमन आणि आपत्ती व्यवस्थापन या दोन यंत्रणा एकत्र कशा आणायच्या, हा आजचा गुंता सुरू होतो १९८६ पासून.

त्या वर्षी गोवा, दमण आणि दीव अग्निशमन दल कायदा झाला. त्याच वर्षी ५ जुलैला मांडवीवरचा पूल कोसळला. कायदा आगीचा आणि संकट नदीतलं, ही जोडी तेव्हापासून सुटलेली नाही. पुढच्या वर्षी गोवा घटकराज्य झालं, दमण-दीव वेगळे झाले. खात्याच्या पाटीवरही पुढे ‘अग्निशमन व आपत्कालीन सेवा संचालनालय’ आलं. पाटीवर सेवा आणि कायद्याच्या नावात दल. महाराष्ट्रात शहरांचे बंब महापालिका-नगरपालिकांचे असतात, आपल्याकडे पूर्ण राज्याला एकच संचालनालय आहे. त्यामुळे यंत्रणा एकत्र करणं इथे तुलनेने सोपं असायला हवं होतं.

ते अवघड झालं २००५ च्या केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन कायद्याने. राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली, जिल्हा प्राधिकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या. म्हणजे आदेश महसुलाच्या टेबलावरून निघणार आणि दोरी-करवत घेऊन जाणार दुसऱ्याच खात्याचा माणूस. शिवाय केंद्राचे, राज्यांचे आणि दोघांचे (समवर्ती) विषय वाटून देणाऱ्या राज्यघटनेतल्या तीन सूचींपैकी एकाही सूचीत ‘आपत्ती’ हा विषय नावाने नाही. हा कायदा समवर्ती सूचीतल्या सामाजिक सुरक्षेच्या नोंदीचा आधार घेऊन केला गेला. इतर कायद्यांशी विसंगती आली तर कलम ७२ प्रमाणे हाच वरचढ.

खरी अडचण ‘आपत्ती’ या शब्दाच्या व्याख्येत आहे. अपघात आणि निष्काळजीपणासुद्धा त्या व्याख्येत बसतात, पण प्राणहानी किंवा वित्तहानी मोठी हवी आणि प्रसंग तिथल्या समाजाच्या आवाक्याबाहेरचा हवा. मागच्या पावसात सत्तरी तालुक्यात आमच्या वाटेवर माड पडला, वीजवाहिनी घेऊन. तिघे जवान आले. एकाने आधी वीज बंद झाल्याची खात्री करून घेतली, दुसऱ्याने बुंध्याला दोर टाकला, तिसरा करवत लावताना म्हणाला, “बाब, मागे सरा, ताण सुटला की तो उसळतो.” अर्ध्या तासात वाट मोकळी झाली. ही आपत्ती नव्हे, व्याख्येप्रमाणे तर नक्कीच नव्हे. आगही नव्हे. मग हे काम कुठल्या कायद्याखालचं? खासगी जमिनीतलं झाड तोडायला एरवी १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. जवानाने ते तोडलं, कारण तोडायलाच हवं होतं. त्याच्या हाताला कायद्याचं पाठबळ स्पष्ट शब्दांत मिळावं, ही मागणी मला अगदी साधी वाटते. ‘आपत्कालीन प्रसंग’ ही ‘आपत्ती’पेक्षा लहान आणि रोज घडणारी गोष्ट आहे. राज्याच्या कायद्यात तिची वेगळी व्याख्या नसेल, तर दोन खाती एका छताखाली आणूनही प्रश्न तिथेच राहील.

केंद्राने २०१९ मध्ये अग्निशमन आणि आपत्कालीन सेवांसाठी नमुना विधेयक राज्यांकडे धाडलं, त्याच्या शीर्षकातच हे दोन्ही शब्द शेजारी होते. नंतरची वर्षं धावपळीची गेली: महामारीत २००५ चाच कायदा घराघरात पोचला, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, त्याच जुलैत पूर.

मग २०२५. एप्रिलपासून केंद्रीय कायद्यातली दुरुस्ती लागू झाली. राज्यांना स्वतःचं आपत्ती प्रतिसाद दल उभारायची मुभा मिळाली. गोव्याने हे दल वेगळं काढायचं, की असलेल्या संचालनालयालाच ती जबाबदारी द्यायची? माझं मत दुसऱ्या बाजूला आहे. एवढ्याशा राज्यात तेच जवान, त्याच होड्या आणि तेच दोर दोन नावांनी मोजण्यात अर्थ नाही. पण तसं करायचं तर १९८६ च्या कायद्यात जवानांची कर्तव्यं, प्रशिक्षण, भरपाई आणि आदेशाची साखळी नव्याने लिहावी लागेल. नुसतं नाव बदलून भागणार नाही.

२०२५ च्या याच केंद्रीय दुरुस्तीत राज्यांच्या राजधान्या आणि महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद आहे. गोव्यात राजधानी पणजी आणि एकमेव महानगरपालिकाही पणजीचीच. २०११ च्या जनगणनेत मडगाव आणि मुरगाव या दोन्ही पालिकांची लोकसंख्या पणजीच्या दुपटीहून जास्त होती, तरी त्यांना ही तरतूद लागू होत नाही. किनाऱ्यावरच्या पंचायतींचा तर प्रश्नच येत नाही. २०२५ मध्येच ६ डिसेंबरच्या रात्री ज्या नाइटक्लबला आग लागून २५ जण गेले, जिथे अरुंद वाटेमुळे बंब थेट दारापर्यंत नेता आला नाही, ते हडफडे गाव मांडवीपलीकडे, बार्देश तालुक्यात, पंचायतीच्या हद्दीत आहे.