हलके ट्रक व लहान मोटारी, अमेरिकेतील मागणीची सरक

पेट्रोलचा भाव, करआकारणी व इंधननियम यांनुसार अमेरिकी खरेदीदार लहान मोटारींकडून हलक्या ट्रककडे किंवा उलट वळतो, त्या बाजारप्रवृत्तीस ही संज्ञा लावतात. मराठीत ट्रक म्हणजे मालाची गाडी. तेथील ‘हलका ट्रक’ वर्गात पिकअप, व्हॅन, मिनिव्हॅन व बहुतेक एसयूव्ही येतात.

इंधननियमाचे, म्हणजे गाडीने गॅलनमागे किती मैल द्यावेत हे ठरवणाऱ्या नियमाचे, वर्गीकरण काटेकोर आहे. उघडा हौदा किंवा आसने दुमडून अथवा काढून मिळणारी सपाट मालजागा असल्यास गाडी ट्रक ठरू शकते. दुर्गम वाटेसाठीची म्हणून ट्रक ठरायला चारचाकी चालना किंवा ६,००० पौंडांहून अधिक भारांकित वजन (गाडी व तिला वाहता येणारा कमाल भार मिळून) लागते. शिवाय किमान पुढचा चढकोन (गाडी न घासता पार करता येणाऱ्या चढाचा कोन) २८°, मागचा २०°, मधला १४°, पोटाखाली २० सेंमी. व अक्षांखाली १८ सेंमी. मोकळीक, या पाचांपैकी चार अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. म्हणून एकाच लहान एसयूव्हीचा दोनचाकी चालनेचा प्रकार इंधनतक्त्यात मोटार, तर चारचाकी प्रकार ट्रक असतो. विक्रीच्या बातम्यांत मात्र दोन्ही ट्रकच. दोन तक्ते शेजारी ठेवताना हमखास फसगत होते ती येथे.

ट्रकच्या वरचढीचे मूळ वादग्रस्त आहे. काही अभ्यासक ते युरोपशी झालेल्या कोंबडी-वादातून (अमेरिकी कोंबडीवरील युरोपीय आयातशुल्काच्या भांडणातून) १९६४ पासून लागू झालेल्या २५ टक्के आयातशुल्कात पाहतात. त्याने परदेशी पिकअपची स्पर्धा रोखली. पण एसयूव्हीची लाट त्यातून पुरती उलगडत नाही. इंधनबचतीच्या १९७५ च्या कायद्यानंतरची दुहेरी मानके अधिक पटतात : मोटारींना गॅलनमागे २७.५ मैलांचे बंधन असताना १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रकना २०.७ मैल पुरत. स्वस्त पेट्रोल हे तिसरे कारण बहुतेकांना मान्य आहे.

उलटी सरक १९७३ व १९७९ च्या तेलसंकटांत दिसली. मे २००८ मध्ये फोर्डचा एफ-मालिका पिकअप मासिक विक्रीत होंडा सिव्हिकच्या मागे पडला. वर्षअखेरीस पेट्रोल गॅलनला दोन डॉलरखाली आले आणि लहान मोटारींची ओढ ओसरली.

बदलाचा हिशेब अनेकदा चुकतो. वर्षाला १५,००० मैल धरल्यास गॅलनमागे १५ वरून २० मैलांच्या गाडीवर गेल्याने २५० गॅलन वाचतात. ३० वरून ४० वर गेल्याने १२५ च. शिवाय भाव चढले की जुन्या एसयूव्हीला विक्रेते कमी किंमत देतात व लहान गाडीवरची सवलत आटते. त्या तोट्यात इंधनाची बचत सहज बुडते.

२०१८ मध्ये फोर्डने उत्तर अमेरिकेतील बहुतेक सेडान बंद करण्याचे जाहीर केले. जून २०२२ मध्ये पेट्रोल सरासरी पाच डॉलरवर गेले, तेव्हा परतायला लहान मोटारींचे पर्याय थोडे आणि चिपटंचाईमुळे गाड्याच कमी होत्या. त्यामुळे २००८ शी तुलना जपूनच करावी लागते.