हवाईदलाचा कमिसार: वू फाशिएन आणि 1971 ची पार्श्वभूमी

भारतीय हवाईदलात कमिसार, म्हणजे पक्षाचा राजकीय अधिकारी, हे पदच नाही. माओचा जाहीर वारसदार आणि चीनचा संरक्षणमंत्री लिन बियाव 1971 मध्ये माओविरुद्धच्या कटाचा ठपका घेऊन विमानाने पळताना मेला. त्यामुळे या लिन बियाव प्रकरणाबद्दल वाचताना वू फाशिएन नेमका कोण, हे आपल्याकडच्या वाचकाला चटकन उमगत नाही. चिनी हवाईदलाचा प्रमुख एवढं सांगून भागत नाही. त्याच्या नोकरीची पस्तीस वर्षं राजकीय कामात गेली होती, आणि पुढे जे बिघडलं त्याचं मूळ त्याच कामात आहे.

चिनी सैन्यात प्रत्येक पायरीवर दोन प्रमुख असतात. कंपनीत कमांडरच्या जोडीला राजकीय प्रशिक्षक, रेजिमेंटपासून वर कमिसार. सैन्यावर हुकमत कम्युनिस्ट पक्षाची, हे 1929 च्या गुथियन परिषदेत पक्कं झालं आणि ही दुहेरी रचना त्याच विचारातून आकाराला आली. कमिसार हा कमांडरच्या हाताखालचा नसतो, बरोबरीचा असतो. लढाईची आखणी आणि सराव कमांडर पाहतो. बढत्या, बदल्या, पक्षाचं सदस्यत्व, प्रचार, अंतर्गत सुरक्षा, अगदी जवानाच्या घरची अडचणसुद्धा कमिसारकडे जाते. मोठे निर्णय त्या तुकडीच्या पक्ष समितीत होतात. ऐन लढाईत कमांडर आधी हुकूम सोडू शकतो, पण नंतर समितीला जाब द्यावा लागतो.

हवाईदलात या कामाला आणखी एक धार असते. पायदळातला एकटा शिपाई पळाला तर एक रायफल जाते. वैमानिक पळाला तर विमान तैवानला पोचायचं. म्हणून त्या काळी वैमानिक निवडताना डोळे आणि हृदय जितकं तपासत, तितकंच घराणंही तपासत: आजोबांची जमीन किती होती, कुणी नातलग परदेशात आहे का, भाऊ कधी कशात अडकला होता का. या कागदांवर राजकीय विभागाची मोहोर नसेल तर मुलगा कितीही हुशार असो, कॉकपिटमध्ये बसत नसे.

वूचा जन्म 1915 चा, जिआंग्शी प्रांतातल्या योंगफंगचा. 1930 मध्ये तो रेड आर्मीत, म्हणजे कम्युनिस्टांच्या फौजेत, गेला, लाँग मार्चला लिन बियावच्या पहिल्या आर्मी ग्रुपमध्ये होता, जपानविरोधी युद्धात लिनच्याच 115 व्या डिव्हिजनमध्ये, आणि यादवी युद्धात लिनच्या फौजेतल्या 39 व्या आर्मीचा कमिसार. म्हणजे लिनच्या छत्राखाली वाढलेला माणूस. हवाईदल 11 नोव्हेंबर 1949 रोजी स्थापन झालं, आणि 1950 मध्ये वू तिथे उप-कमिसार आणि राजकीय विभागाचा प्रमुख म्हणून आला. तो वैमानिक नव्हता, पण तेव्हा ते कुणालाच खटकलं नाही, कारण अख्खं हवाईदलच पायदळातून उचलून आणलेल्या माणसांचं होतं. 1955 मध्ये तो लेफ्टनंट जनरल झाला, 1957 मध्ये कमिसार.

तोवर पहिला हवाईदल प्रमुख लिऊ यालौ हयात होता. तो सोव्हिएत लष्करी अकादमीत शिकलेला, कामाला वाघ आणि स्वभावाने तापट. त्याच्यापुढे वू कायम दुय्यमच राहिला. ही जोडी चालली ती लिऊमुळे, असं आमचं मत. मे 1965 मध्ये लिऊ कर्करोगाने गेला आणि वू प्रमुखाच्या खुर्चीत बसला. कमिसारची जागा यू लिजिनकडे आली. मार्च 1968 मध्ये सैन्याचा हंगामी स्टाफप्रमुख यांग छंगवू आणि बीजिंग रक्षक दलाचा प्रमुख फू छोंगपी यांच्याबरोबर यू लिजिनलाही खोट्या आरोपांवरून हटवण्यात आलं. पुढे 1979 मध्ये तिघांवरचे आरोप अधिकृतपणे रद्द झाले, पण मधल्या काळात वूच्या बरोबरीने उभा राहून ‘हे चालणार नाही’ म्हणेल असं हवाईदलात कुणी उरलं नव्हतं.

ऑक्टोबर 1969 मध्ये वूने लिन बियावच्या मुलाला, लिन लिग्वोला, हवाईदल मुख्यालयाच्या कार्यालयाचा आणि ऑपरेशन्स विभागाचा उपप्रमुख नेमलं. पोरगा चोविशीतला, सैन्यात येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. एवढ्यावरच न थांबता, हवाईदलातली प्रत्येक गोष्ट लिग्वोला कळवावी आणि प्रत्येक गोष्ट त्याच्या हुकमाने हलू शकते, असंही वूने सांगून टाकलं. माणसं नेमण्यात ज्याचा हात वर्षानुवर्षं बसलेला, त्यानेच नेमणुकीचे सगळे नियम गुंडाळून ठेवले.

त्याचं फळ 12 सप्टेंबर 1971 च्या रात्री दिसलं. पाकिस्तानकडून घेतलेलं 256 क्रमांकाचं ट्रायडंट विमान लिग्वोने गुपचूप शानहायग्वानच्या नौदल तळावर नेलं होतं. पंतप्रधान चौ एन-लायने वूकडे चौकशी केली. वूने आपल्या उप-स्टाफप्रमुखाला, हू फिंगला, विचारलं. सरावासाठी गेलंय, इंधनपंप बिघडलाय, अशी थाप हू फिंगने मारली आणि वूने तीच वर कळवली. स्वतः चौ, सैन्याचा स्टाफप्रमुख हुआंग युंगशंग, वू आणि नौदलाचा कमिसार ली त्स्वोपंग या चारजणांच्या एकत्रित हुकमाशिवाय उड्डाण नको, असं चौने बजावलं होतं. ली त्स्वोपंगने तळाला निरोप देताना ‘चौघांपैकी कुणाचाही एकाचा’ असा केला, हा पुढे खटल्यातला आरोप झाला. 00.32 वाजता विमान उडालं. धावताना उजवा पंख इंधनाच्या टँकरला घासला होता, टाकी भरलेली नव्हती, आत सहवैमानिक नव्हता आणि नेव्हिगेटरही नव्हता. मंगोलियात उंदुरखानजवळ ते कोसळलं. लिन बियाव आणि लिग्वोसकट नऊही जण ठार.

विमान उडाल्यावर त्याच रात्री देशभर उड्डाणबंदी लागली. माओ, चौ, हुआंग युंगशंग, वू आणि ली त्स्वोपंग या पाचजणांचा संयुक्त हुकूम असेल तरच विमान हलवायचं. तरीही 3.15 ला शाहे तळावरून लिग्वोच्या माणसांनी एक हेलिकॉप्टर उडवलं. वैमानिक छन शिऊवनने ते बीजिंगकडे परत वळवलं आणि त्यात त्याचा जीव गेला. बंदीच्या हुकमातल्या पाच नावांपैकी तिघे, वूसकट, 24 सप्टेंबरला अटकेत होते.

विशेष न्यायालयाने 25 जानेवारी 1981 रोजी वूला 17 वर्षांची शिक्षा सुनावली. कट त्याला ठाऊक होता का, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. हवाईदलाची सूत्रं लिग्वोच्या हाती देणं हा मात्र त्याच्यावरचा मुख्य ठपका होता. त्याच वर्षी आजारपणामुळे त्याला तुरुंगाबाहेर सोडलं. चिनानमध्ये राहून तो 2004 मध्ये वारला.

हवाईदल प्रमुखाची खुर्ची 1973 पर्यंत रिकामी होती. 1985 मध्ये तिच्यावर कोरियन युद्धातला लढाऊ वैमानिक वांग हाय बसला. कमिसारच्या खुर्चीवर मात्र जमिनीवरच्या सैन्यातून माणसं येतच राहिली. 2012 मध्ये आलेला थियन शिऊस त्यातलाच. निवृत्तीनंतर, जुलै 2016 मध्ये, त्याच्यावर भ्रष्टाचाराची चौकशी सुरू झाल्याचं जाहीर झालं.